रडका डबा

डबा रडायला लागला तेव्हा महिपत तांडेलाचा एक पाय मिरकरवाड्याच्या धक्क्यावर होता आणि दुसरा होडीत.

डबा त्याच्या पोराने, रघूने, कालच इंजिनाजवळ बसवला होता. रघू रेडिओ आणि गावात नुकतेच आलेले टीव्ही दुरुस्त करायचा. मुंबईहून त्याने मिरीच्या दाण्याएवढी, तीन पायांची चिप आणली होती. बॅटरीचा व्होल्टेज घसरला की चिपला कळायचं आणि भोंगा वाजायचा, थेट तान्ह्या पोरासारखा. मागच्या महिन्यात पूर्णगडसमोर इंजिन बंद पडलं. मेलेल्या बॅटरीवर ते पुन्हा सुरू होईना. होडी दिवसभर लाटांवर भरकटली. तिच्यात रघूचा बाप होता. म्हणून डबा.

होडीचे मालक रावजीशेट धक्क्यावरच उभे होते. नवी बॅटरी द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावं, होडी हाकणारे तांडेल पैशाला पासरी मिळतात, असं ते चारचौघांत बोलले होते. शेट स्वतः कधी खाडीच्या पुढे गेले नव्हते. मासळी शेटची, दर्या खलाशांचा.

महिपतने होडीतला पाय मागे घेतला. टोपी काढली.

"निघताना रडला," तो म्हणाला. "आज जायाचा नाय."

खलाशी पटापट धक्क्यावर आले. होडी निघताना घरची बाई डोळ्यांत पाणी आणत नाही, कुणी मागून हाक मारत नाही. इथे तर होडीच रडली. शेटनी शिव्या घातल्या. पण त्यांचाही हात गळ्यातल्या ताईताकडे गेला होता.

रघूचं डोकं फिरलं. घरी जाताना त्याने बापाला सुनावलं. डोळे फोडून केलेलं यंत्र, आणि तुम्ही त्याचा अपशकुन केलात. बॅटरी संपलीय, एवढं सरळ सांगायला तोंड नव्हतं? अडाण्यांच्या हाती दिलं तेच चुकलं.

महिपतने सगळं ऐकून घेतलं.

"बॅटरी संपली बोल्लो असतो, तर शेटनं दुसरा तांडेल चढवला असता. तीच बॅटरी, हेच खलाशी."

रघू जागच्या जागी थांबला.

बापाने मागे वळून पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. तरी तो हळूच बोलला.

"नवी येईपर्यंत रोज रडंल ना रे तो?"