सुरंगीची वाट

निवृत्त झाल्यावर मालिनीताईंनी परसात हौसेने मधपेटी ठेवली. पेटीला बसवलेला यंत्र-दुभाषी माश्यांचा नाच वाचायचा आणि हळू आवाजात सांगायचा, "आठशे मीटर. साकवापलीकडे. सुरंगी फुललीय." पिवळ्या परागाने माखलेल्या माश्या कोवळ्या उन्हात तरंगत परतायच्या आणि ताई डोळे मिटून ऐकत बसायच्या.

ती सुरंगी कुणाच्या अंगणात आहे, हे त्यांना ठाऊक होते. ते थोरल्या बहिणीचे, शालनचे घर. आजारी आईला इस्पितळात न्यायचे की घरीच ठेवायचे, यावरून दोघींचे बोलणे तुटले, त्याला आता नऊ वर्षे झाली होती.

त्या सकाळी दुभाषी वेगळेच बोलला. "सुरंगीवर धोका. तिकडे जाऊ नका."

गांधीलमाश्यांनी तिथे पोळे केले असणार! शालन तर रोज याच वेळी फुले काढते. ताई अनवाणीच ओढ्यावरचा साकव ओलांडून धावत सुटल्या.

"अक्का, झाडाखाली जाऊ नकोस! वर गांधीलमाश्या आहेत!"

परडी घेऊन निघालेली शालन जागीच थबकली. तिने वर पाहिले. फांदीच्या बेचक्यात पोळे घोंगावत होते. ती झटकन मागे सरली.

"तुला गं कुणी सांगितलं?"

"माझ्या माश्यांनी. त्या रोज येतात इथे."

"रोज?" शालनने परडी खाली ठेवली. "मग तू का नाही आलीस?"

सुगंधाने जड झालेल्या त्या अंगणात मालिनीताईंनी बहिणीचा हात धरला, आणि शालनने तो सोडवून घेतला नाही.