गरब्याचं माप

धवल इंजिनिअरने चौकात फक्कीने नव्या इमारतीचा नकाशा मारला, आणि तळघरात गाड्या नेण्याचा उतार नेमका गरब्याच्या जागेवर आला.

विसामो सोसायटीतल्या चोवीस घरांना त्याचं काहीच वाटलं नाही. जो तो आपली गाडी कुठे लागणार ते बघण्यात दंग. सेक्रेटरी कनुभाई तर गाडी नसताना आपल्या चौकटीत उभे राहून आले. एकट्या रमिलाबेनचा जीव खालीवर होत होता. एकतीस वर्षं नवरात्रात त्या याच चौकात गरबा गात आल्या होत्या. डीजे नाही, पास नाही; तोंडाचं गाणं आणि हाताची टाळी. दिवाळीनंतर सोसायटी पडणार, म्हणजे जुन्या चौकातला हा शेवटचाच गरबा. तेही त्यांनी सोसलं असतं, पण पुढचा गरबा नकाशात कुठेच दिसेना.

धवलकडे उत्तर तयार होतं. पहिल्या मजल्यावर एसी हॉल आहे, चाळीस माणसं आरामात बसतील. गरबा बसून खेळतात का रे, असं रमिलाबेननी विचारल्यावर त्याने मग खरं काय ते सांगितलं. वर बत्तीस नवे फ्लॅट विकायचे होते. त्या लोकांना गाडीला जागा हवी असणार, खिडकीखाली गोंगाट नको असणार.

"तरी बघतो, मासी," तो म्हणाला. "गरब्याला जागा किती लागते, तेवढा आकडा सांगा."

आता आली का पंचाईत! गाणी शंभरावर पाठ होती, आकडा एक नव्हता.

"आकडा नाही बाबा माझ्याकडे. तूच मोजून घे."

आरती नुकतीच झाली होती. आत दिवा तेवणारी मातीची घागर रमिलाबेननी उचलली, उताराच्या बरोब्बर मधोमध नेऊन ठेवली आणि टाळी दिली. गुडघे कुरकुरले, त्यांनी लक्ष दिलं नाही. पहिल्या फेरीला पाचजणी होत्या. तिसऱ्या फेरीला रिंगण मावेना, म्हणून बाहेरून दुसरं झालं. कनुभाई आपली गाडीची चौकट सोडून आत शिरले. रेषा पुसल्या म्हणून धवल आधी ओरडला. मग कुणीतरी त्याचा हात ओढला. अमदावादचाच पोरगा तो, टाळी पडल्यावर पाय थोडेच ऐकतात?

गाणं थांबलं तेव्हा नकाशा सगळ्यांच्या तळपायांना लागला होता. हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. कनुभाईंनी जाहीर करून टाकलं, की रिंगणाला जागा निघेल तेव्हाच बिल्डरच्या कागदांवर सह्या होतील. धवलने घाम पुसला, टेप काढली आणि बाहेरच्या रिंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं.

"चाळीस फूट," तो म्हणाला. "ठीक आहे. उतार मागच्या बाजूने फिरवतो."

टाळ्या पडल्या. कनुभाईंनी खिशातून पेन काढलं. रमिलाबेननी त्यांचा हात धरला.

"साठ धर," त्या धवलला म्हणाल्या.

"साठ? अहो मासी, आत्ता सगळी सोसायटी चाळीसात मावली की."

"आणि ती बत्तीस घरं? ती काय खिडकीतून बघत बसणार?"