जड हाडं

शिट्टी वाजली आणि बेडकीच्या आईने डोळे गच्च मिटले.

"अगं, बघ तरी!" आजीने तिला कोपराने ढोसलं. "लेक शर्यतीत, आणि आई आंधळी कोशिंबीर खेळतेय."

बघणार कशी? आपल्या लोकांची हाडं जड, पाणी आपल्याला झेलत नाही, हे ऐकतच ती मोठी झाली होती. प्रशिक्षकबाईंनी लेकीला हट्टाने पोहायला शिकवलं, लाडाने 'बेडकी' नाव ठेवलं, तेव्हापासून तिचा जीव टांगणीलाच होता. आज तर सगळ्या गोऱ्या पाठींमध्ये लेकीची एकटीचीच काळी पाठ.

"यांची हाडं जड असतात म्हणे," मागच्या बाकावरचे गृहस्थ पुटपुटले. "बुडायची बिचारी."

आजीने वळून त्यांच्याकडे डोळे वटारले.

बेडकी बुडाली नाही, पहिली आली. प्रशिक्षकबाई तलावाच्या काठावर चक्क नाचल्या. आईला रडू आवरेना. "एवढी जड हाडं, आणि पोर तरंगली कशी गं?"

आजीने चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"आपल्या हाडांना काही धाड भरलेली नाही. तू लहान होतीस तेव्हा या तलावाच्या फाटकावर पाटी होती, आपल्या लोकांना आत मज्जाव म्हणून. तू पोहायचं म्हणून भोकाड पसरायचीस. गल्लीतल्या सगळ्याच आया हाडांचं सांगायच्या. पाटी वाचून दाखवायची होती का तुला?"

"पाटी निघाल्यावर तरी सांगायचंस!"

"तोवर तुम्ही पोरं मिरवायला लागला होतात, आमची हाडं लोखंडाची म्हणून. कशी छाती काढून चालायचात! कशाला सांगू?"

आईला राग आला, नाही असं नाही. पण ती छाती काढून चालणारी पोरगी तिला आठवली. त्या पाटीचा साधा ओरखडासुद्धा आजीने त्या पोरीवर उठू दिला नव्हता. तिने आजीचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

गर्दी पांगल्यावर बेडकीने आईला काठावर बसवलं. आईने आधी प्रशिक्षकबाईंना हात जोडले, मग बूट काढून पाय पाण्यात सोडले.

"ढिले सोड, आई. अजून ढिले."

पाय हळूहळू वर आले. आई श्वास रोखून त्यांच्याकडे बघत राहिली.

"सरक गं जरा तिकडे," मागून आजी म्हणाली. ती खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होती.