कुठला लाल?

"लाल?" चहाचा कप खाली ठेवत पप्पा म्हणाले. "कुठला लाल?"

जागृतीने वही झटकन छातीशी धरली. पप्पा मागून वाचतायत हे तिला कळलंच नव्हतं. पण दचकली ती त्यामुळे नाही. सकाळी शाळेत सुहासिनीबाईंनी फळ्यावर हेच लिहिलेलं, शब्दाला शब्द: 'लाल लिहू नका. कुठला लाल, ते लिहा.' बाई एम.ए. झालेल्या, आणि पप्पा आठवीत शाळा सुटलेले, मानपाड्याच्या एका कंपनीत कापडाचे रंग जुळवणारे. दोघांच्या तोंडून एकच प्रश्न यावा म्हणजे कमालच झाली!

वर्णन कसं करायचं हे बाई आठवडाभर नववीच्या वर्गाला शिकवत होत्या. गृहपाठ होता, घरातल्या एका माणसाचे हात. जागृतीने आईचे हात लिहिले. लिहिले कसले, गाइडमधून उतरवले: प्रेमळ, कष्टाळू, मऊ. अर्ध्या वर्गाच्या आयांचे हात तसेच प्रेमळ आणि तसेच मऊ निघाले. बाईंनी तिला थांबवून घेतलं. "बाळा, हे हात मला दिसलेच नाहीत गं. उद्या नवीन लिहून आण, घरच्यांची सही घेऊन. स्पर्धेला तुझंच नाव पाठवायचंय मला, पण असलं लिहिलंस तर कसं पाठवू?"

नवीन म्हणजे कोणाचे हात, हे जागृतीला तिथेच कळलेलं. आणि तिथेच घोडं अडलेलं.

सहावीत असताना पप्पांनी प्रगतिपुस्तकावर सही केली आणि सहीशेजारी ओल्या अंगठ्याचा ठसा उमटला. साबणाने, लिंबाने, कशानेही न जाणारा कंपनीचा रंग. "तुझे पप्पा अंगठाबहाद्दर आहेत काय गं?" बाकावरची एकजण म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. त्या दिवसापासून सही आईची. पप्पांनी कारण विचारलं नाही. वही समोर आली की ते हात मागे घ्यायचे, एवढंच.

आज तासभर बसून तिने एकच वाक्य लिहिलेलं. 'पप्पांचे हात लाल असतात.' आणि नेमकं तेच त्यांनी वाचलं.

"सांग ना, कुठला?"

"लाल म्हणजे... लाल."

"असं कुठे असतं?" पप्पा उठले. दोरीवरची तिची लाल ओढणी ओढली आणि ट्यूबलाइट बंद केली.

"अहो, मी भाजी चिरतेय!" आई ओट्यापासून ओरडली.

"ट्यूबलाइट खोटं बोलते," म्हणत ते लेकीला खिडकीशी घेऊन गेले. चार वाजलेले. गल्लीत ऊन होतं, पण त्यांनी ओढणी उन्हात धरली नाही, उन्हाच्या बाजूला, सावलीत धरली. "एक श्वास बघायचं, मग मान फिरवायची. टक लावलीस ना, की डोळा दमतो. मग त्याला सगळंच सारखं दिसतं. बघ. खाली काय आहे?"

"खाली?"

"लालच्या खाली काहीतरी असतंच. पिवळा तरी, नाहीतर निळा. हिच्या खाली पिवळा आहे, पिकल्या मिरचीसारखा. आपला सिलिंडर बघ, त्यात तपकिरी घुसलाय. टोमॅटो तर चिरला की बदलतो." बोलता बोलता ते सगळ्या खोलीभर फिरले. "खालचा रंग ओळखला, की जुळलाच. मग आम्ही एकच शब्द बोलतो, पास. त्या एका शब्दावर हजार मीटर कापड रंगतं. साहेबसुद्धा म्हणतात, आधी प्रफुल्लला दाखवा."

जागृती बघतच राहिली. जेवताना 'मीठ दे' पलीकडे न बोलणारा हा माणूस! बाईंनी आठवडाभर जे शिकवलं, ते हा रोज आठ तास करत होता, आणि घरात कोणाला पत्ता नाही. तिला भयंकर अभिमान वाटला, आणि त्याहून भयंकर लाज वाटली, त्या सहावीतल्या जागृतीची.

"पप्पा, हात द्या."

तिने त्यांचा हात खिडकीशी धरला. एक श्वास. मान फिरवली. मग खाली बसून ती लिहीत सुटली. नखांच्या कडेला जांभळा, वांग्याच्या सालीसारखा. तळव्याच्या रेषांत गुलाबी, बोटांच्या पेरांवर विटका. अंगठा सगळ्यात गडद, कारण ओलं कापड रोज पहिल्यांदा तोच धरतो.

लिहून झालं तशी आई सवयीने पदराला हात पुसत आली आणि पेन मागू लागली.

"आई, तू नको. पप्पा करतील सही."

पप्पांचे हात मागे गेले. "अगं, डाग पडेल. स्पर्धेची वही आहे तुझी."

"पडू दे."

ते मोरीत गेले. साबण लावून, कितीतरी वेळ चोळून चोळून हात धुतले. परत येऊन टॉवेलकडे हात नेला, तशी जागृतीने टॉवेल ओढून घेतला.

"पुसू नका."

पप्पांनी सही केली, पूर्ण नाव, जोडाक्षरासकट जपून. सहीशेजारी अंगठा उमटला.

जागृती वही घेऊन खिडकीशी गेली. उन्हाच्या बाजूला धरली. एक श्वास बघितलं आणि मान फिरवली.

"पप्पा, खाली निळा आहे."

ते जवळ आले. ठशाकडे एकदा बघितलं, मग तिच्याकडे.

"पास," ते म्हणाले.