आधी स्टँड, मग अंग
"मागच्या चाकांना विटा लावल्यात?" मिस्त्रींनी फाटकातूनच विचारलं.

"लावल्यात. हँडब्रेक ओढलाय. इंजिनही गार आहे," ती म्हणाली.

मिस्त्री खूश झाले. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि ही बाई त्याच गाडीचं ऑइल स्वतः बदलायला निघाली होती. शिकवायला तिने त्यांनाच बोलावलं होतं.

त्यांचं गॅरेज शेजारीच. अपघाताच्या दिवशी सगळ्यांत आधी धावले ते मिस्त्री. गाडी उचलून तिच्या नवऱ्याला बाहेर काढलं त्यांनी, आणि 'नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरला, टेकूला लोखंडी स्टँड लावलाच नव्हता' हे गल्लीभर सांगितलंही त्यांनीच. तेव्हापासून लोक आधी हळहळत, मग मेलेल्या माणसाला अक्कल शिकवत. परवा मुलगी शाळेतून रडत आली. कुणीतरी तिला म्हणालं होतं, तुझे बाबा मूर्खपणाने गेले. त्या रडण्याने आईच्या जिवाचं पाणी झालं होतं.

"माझा एकच नियम, वहिनी. आधी स्टँड, मग अंग. जॅकचा काय भरवसा? त्याला घसा फोडून सांगितलं, स्टँड घे बाबा. नाही घेतला."

"हट्टीच होते," ती म्हणाली.

मिस्त्रींनी फाटकाच्या जोडावरून हात फिरवला. दोन वर्षांपूर्वीचं त्यांचंच वेल्डिंग. जोडाच्या शेवटी दोन ठिपके ठेवायची त्यांची सवय होती. त्या ठिपक्यांना ते आपली सहीच म्हणायचे.

"स्टँडही तुम्हीच बनवायचात ना?"

"जोडीनेच विकायचो. आता बंद केलं."

"का बरं?"

"कोण एवढा उपद्व्याप करतो!" मिस्त्री हसले.

तिने जॅकने गाडी उचलली. घरातून लालभडक रंगाचा स्टँड आणला आणि बरोबर जागेवर सरकवला.

"कोरा करकरीत दिसतोय. शाब्बास!"

"ऑइलचा नट तेवढा दाखवा. मला खाली शिरायला धीर होत नाही."

"त्यात काय! स्टँड असला की बिनधास्त शिरायचं." मिस्त्री गोणपाटावर आडवे झाले आणि छातीपर्यंत आत सरकले. "हा बघा नट. पाना सरळ धरायचा, हिसका द्यायचा नाही."

"आता जॅक सोडू? वजन स्टँडवर येऊ दे."

"सोडा की. स्टँड कशाला..."

बोलता बोलता त्यांनी मान वळवली. स्टँड कानाशीच होता. जोडाच्या खालच्या बाजूला लाल रंग नीट पोचला नव्हता. तिथे दोन ठिपके होते.

"थांबा! वहिनी, जॅक सोडू नका!"

"का? स्टँड आहे ना?"

ती उकिडवी बसली. हात जॅकच्या दांड्यावरच होता.

"रंग मी दिलाय. माळ्यावर सापडला, जोडीतला दुसरा," ती म्हणाली. "मोडलेला पहिला त्या दिवशी त्यांच्या अंगाखालून काढून कुठे लपवलात, तेवढं सांगा."