निळा उजेड

"दिवा लावलास की दातावरून नजर हलवू नकोस. नजर गेली की हातही जातो," असं मारेल्विसला सरांनी दंतवैद्यकाच्या कॉलेजातच बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. मऊ फिलिंग निळ्या उजेडाने पक्कं होतं, दिवा वाजतो, काम संपतं. त्यात बघत काय बसायचं? आता तर शेजारच्या खोलीत, उघड्या दारापलीकडे तिचं बाळ होतं. हातात दिवा आणि जीव पाळण्यात.

छोट्या यूलीच्या दाढेतलं फिलिंग मागे निघालं, तेव्हा तिने मागांगेतल्या आपल्या दवाखान्यात भरल्या बाकांसमोर यूलीच्या आजीला, एनिल्साबाईंना, झापलं होतं. "नातीला दिवसभर नारळाचे गोड कोकाडे चारता आणि वर माझं काम टिकत नाही म्हणता?" म्हातारीने विकायच्या नारळवड्यांची परात मांडीवर घट्ट धरली. बाकावरच्या बायका फिदीफिदी हसल्या.

आज फिलिंग पुन्हा निघालं होतं. यूलीला तिची आई दुबिस घेऊन आली होती.

"आजी नाही आल्या?"

"सासूबाईंना धाडलं बार्रांकियाला, दिराकडे. तुम्हीच म्हणालात ना डॉक्टर, म्हातारीच पोरीचे दात किडवतेय. घरात आता गोडाचा कण नाही. तरी निघालंच बघा." दुबिसने रुमालातून तुकडा काढून दिला.

मारेल्विसने नख लावून पाहिलं. वरून टणक. खालून मेणासारखं मऊ.

"आज दिवा दातावर धराल ना?" यूली खुर्चीतून म्हणाली. "दर वेळी माझा ओठच गरम होतो. तुम्ही बाळाकडे बघता ना."

मारेल्विसने नवं फिलिंग भरलं, निळ्या उजेडासाठीचा नारिंगी चष्मा चढवला आणि दिवा लावला. आत बाळ रडायला लागलं, तरी तिची नजर दाढेवरून ढळली नाही. मग ती दुबिससोबत बाहेर आली आणि त्याच बाकांसमोर म्हणाली, "चूक आजींची नव्हती. माझी होती. त्यांना बोलावून घ्या, मला माफी मागायचीय."

दुबिसने तिथूनच दिराला फोन लावला. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "आई? ती तर गेल्या रविवारीच निघाली, वहिनी. म्हणाली, एव्हाना पोरीचा दात बरा झाला असेल, आता घरात घेतील. अजून पोचली नाही?"

बार्रांकियाहून मागांगेला येताना मधल्या एखाद्या थांब्यावर परात घेऊन बसलेली, गाडी आली तरी चढायला कचरणारी म्हातारी दिसली, तर जरा थांबा. जेवलीय का, विचारा. आणि सांगा तिला, दात तिने बिघडवला नव्हता.