सुटी नोंद

जुनी स्मृतिवही बंद पडणार होती, म्हणून शेवाळांच्या अभ्यासक हेमलताबाई मुलीला, ऋचाला, घेऊन नव्या वहीच्या केंद्रावर आल्या. तीस वर्षं सगळं वहीतच ठेवल्यामुळे, वहीत नसेल ते आता कोणालाच आठवत नसे.

"एकमेकींना जोडलेल्या नोंदीच नव्या वहीत येतात," तंत्रज्ञ म्हणाला. "सुट्या कायमच्या पुसल्या जातात."

"माझं काम पक्कं असतं," हेमलताबाई ऐटीत म्हणाल्या. "एकूण एक शेवाळ जोडलंय."

"आणि मला कशाशी जोडलंस?" ऋचाने हसत विचारलं.

"तुला? तू वेगळी. शेवाळात कशाला मिसळू?" म्हणत त्यांनी बटण दाबलं.

"आई, थांब!"

चार हजार शेवाळं सुखरूप आली. हेमलताबाईंनी समाधानाने वर पाहिलं. शेजारी उभी असलेली मुलगी रडत होती.

"तुमचं काही पुसलं गेलं का हो?" त्यांनी हळुवारपणे विचारलं.